बडोद्यातली गृहकर्ज एजंटांची सेवा: कार्डावरची पदवी सोडा, कोड विचारा

पगारदार असाल, पगार बँकेत जमा होत असेल आणि फ्लॅट गुजरेरात (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाकडे) नोंदलेला, बीयू म्हणजे इमारत-वापराची परवानगी मिळालेला असेल, तर मधल्या माणसाची गरज नाही. सरळ शाखेत जा. स्वतःचा धंदा असेल, किंवा घर रावपुरा, मांडवी, बाबाजीपुरा भागातल्या जुन्या पोळीतलं (पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट गल्ली-वस्ती) असेल, तर मात्र चांगला एजंट मिळाला तर बराच त्रास वाचतो. बडोद्यात या सेवेबद्दल जी टोकाची मतं ऐकू येतात, ‘देवमाणूस’पासून ‘लुटारू’पर्यंत, ती बहुतेक या दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांची असतात.

सयाजीरावांच्या पुढाकाराने १९०८ साली ज्या शहरात बँक ऑफ बडोदा सुरू झाली, तिथे लोकांना बँकेची भीती नाही. तरीही घर घ्यायचं ठरलं की पहिली गाठ पडते ती बँकेशी नव्हे, अलकापुरीतल्या ऑफिसातल्या किंवा वासणा-भायलीच्या साइटवर टेबल टाकून बसलेल्या कार्डवाल्याशी. कार्डावर असतं ‘होम लोन ॲडव्हायझर’, ‘सीनियर लोन कन्सल्टंट’, ‘रिलेशनशिप मॅनेजर’, कधी तर ‘असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट’. या सगळ्या पदव्यांमागे प्रत्यक्षात तीनच प्रकारची माणसं असतात.

पहिला डीएसए, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेने (बँक किंवा हाउसिंग फायनान्स कंपनी) नेमलेला विक्री-एजंट. संस्था त्याला ओळखीचा एक कोड देते. तो पगारावर नसतो. कर्ज वाटप झालं की त्याला संस्थेकडून कमिशन मिळतं, बहुतेकदा कर्जरकमेच्या एका टक्क्याच्या आत. दुसरा संस्थेचा विक्री-कर्मचारी. हा कधी संस्थेच्याच पगारावर असतो, कधी मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या, आणि महिन्याचं टार्गेट डोक्यावर घेऊन फिरतो. तिसरा डीएसएच्या हाताखालचा उपएजंट. त्याच्याकडे स्वतःचा कोडच नसतो. तो फाइल दुसऱ्याच्या कोडवर टाकतो. सगळ्यात जड पदवी बहुतेक वेळा या तिसऱ्याच्या कार्डावर असते.

कर्ज मंजूर करणारा यांपैकी कोणीच नाही. मंजुरी क्रेडिट मॅनेजर देतो, आणि तो सहसा तुम्हाला भेटतही नाही. स्टेट बँकेत फाइल शाखेतून आरएसीपीसी नावाच्या प्रक्रिया केंद्राकडे जाते. इतर संस्थांचीही अशीच मागची खोली असते. तिथे कागद तपासणारे, पॅनेलवरचा वकील आणि मूल्यांकन करणारा इंजिनिअर असे तिघं स्वतंत्रपणे शेरा मारतात. त्यामुळे “मंजुरी माझ्या हातात आहे” म्हणणाऱ्या समोरच्या माणसाला तिथल्या तिथे नापास करायला हरकत नाही.

पदव्या एवढ्या फुगल्या त्याचं कारण उघड आहे. आपल्याकडे ‘एजंट’ म्हटलं की आरटीओबाहेरचा माणूस किंवा वसुलीला येणारे दांडगे डोळ्यांसमोर येतात. ही प्रतिमा पुसायला संस्थांना मोठी पदवी स्वस्त पडते, कारण पगार वाढवावा लागत नाही. वास्तविक वसुली करणाऱ्याला आयआयबीएफ या बँकिंग प्रशिक्षण संस्थेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं: पदवीधराला ५० तासांचं, इतरांना १०० तासांचं. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला एआरएन हा नोंदणी क्रमांक लागतो, विमा विकणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. सेबीने तर २०२० सालच्या दुरुस्तीत, नोंदणी नसलेल्या वितरकांनी ‘वेल्थ ॲडव्हायझर’सारखं नाव लावायला बंदी घातली. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं देणं गळ्यात घालणाऱ्याला ‘ॲडव्हायझर’ छापून घ्यायला फक्त छापखाना लागतो. अमेरिकेत २००८ च्या सेफ ॲक्टनंतर कर्ज मिळवून देणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि ग्राहक त्यावरून त्याची नोंद पाहू शकतो. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२१ पासून मॉर्टगेज ब्रोकरवर ग्राहकाचं हित आधी पाहण्याचं कायदेशीर बंधन आहे. आपल्याकडे इंडियन बँक्स असोसिएशनची डीएसएंसाठी आदर्श आचारसंहिता आहे. स्वतःची ओळख खोटी सांगू नये, बँकेच्या वतीने नसती आश्वासनं देऊ नयेत, फोन साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात याच वेळात करावेत, असं ती सांगते. रात्री नऊला आलेल्या फोनवरून तिचं पालन किती होतं ते समजतं.

म्हणून पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारा. कोणकोणत्या संस्थांचा कोड तुमच्या स्वतःच्या नावावर आहे? माझ्याकडून काही फी घेणार का, आणि घेणार असाल तर तिची पावती कोणाच्या नावाची? फाइल लॉगिन झाल्यावर (म्हणजे संस्थेकडे अर्ज दाखल झाल्यावर) अर्ज क्रमांक मला थेट संस्थेकडून येईल का? पहिल्याचं उत्तर “सगळ्याच बँकांचा” असं आलं तर तो उपएजंट आहे असं धरून चाला. बऱ्याच बँका आपल्या डीएसएंची यादी संकेतस्थळावर ठेवतात, ती दोन मिनिटांत पाहता येते. आणि वैयक्तिक यूपीआयवर ‘फाइल चार्ज’ मागितला तर उठून यावं. प्रोसेसिंग फी नेहमी संस्थेच्याच खात्यात जाते.

आता चांगल्या एजंटाचं खरं काम. लोकांना वाटतं तो व्याजदर कमी करून देतो. दरात त्याचा वाटा नगण्य असतो, दर सिबिल स्कोअर, कर्जाची रक्कम आणि नोकरीचा प्रकार यांवर ठरतो. एजंटाचं कसब फाइल बांधण्यात दिसतं. व्यावसायिकाच्या फाइलमध्ये तीन वर्षांची आयकर विवरणं कॉम्प्युटेशनसह (उत्पन्न-कराच्या हिशोबासह), सीएच्या सहीचा ताळेबंद आणि त्यावर यूडीआयएन (सीएने दस्तऐवजाला दिलेला ओळख क्रमांक), जीएसटी विवरणं, चालू खात्याचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट हे सगळं लागतंच. पण जीएसटीतली उलाढाल आणि आयकरातली उलाढाल यांत फरक असेल तर त्याचा खुलासा आधीच एका पानावर लिहून जोडणारा एजंट हुशार. नाहीतर क्रेडिटवाला प्रश्न काढतो, फाइल परत येते आणि दहा दिवस जातात. स्टेटमेंटमध्ये ईएमआय परत गेल्याची नोंद असेल तर तेही तो आधी विचारतो. न विचारणाऱ्याला फाइल फक्त ढकलायची असते.

जुन्या शहरातल्या घरांत तर खरी कसोटी. पोळीतल्या घराचं सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढलं की अनेकदा त्यावर आजोबांचं नाव निघतं. वारसाई नोंद राहिलेली, आत्याबाईंचा हक्क-कमीचा दस्तऐवज (हक्कसोडपत्र) झालेला नाही, महापालिकेचं वेरा बिल (घरपट्टी) तिसऱ्याच नावाने. वकील मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च काढतो तेव्हा हे सगळं वर येतं. त्यात शहराचे बरेच भाग अशांत धारा या गुजरातच्या कायद्याखाली अधिसूचित आहेत. तिथे विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, त्याशिवाय दस्त होत नाही. ज्या एजंटाने घराचा पत्ता ऐकताक्षणी अशांत धाऱ्याचं विचारलं, तो या शहरात काम केलेला माणूस. मंजुरीपत्र हातात पडल्यावर ही गोष्ट निघाली तर पत्राची मुदत परवानगीची वाट पाहण्यातच संपू शकते. इंजिनिअरचा शेराही इथे नडतो. लाकडी पाट्या-तुळयांचं घर असेल तर त्याचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त असावं लागतं. त्यामुळे २० वर्षांचं मागितलेलं कर्ज दहा-बारा वर्षांवर येतं आणि हप्ता एकदम चढतो. ही शक्यता आधी बोलून दाखवणारा एजंट विरळा.

नव्या वस्तीत, गोत्री-सेवासी-अटलादऱ्याकडे, चित्र वेगळं. बिल्डरच्या साइटवरचा ‘लोन डेस्क’ ठरावीक दोन-तीन संस्थांकडेच नेतो. यात नेहमीच काळंबेरं नसतं. त्या संस्थांनी प्रकल्पाची कायदेशीर तपासणी आधीच केलेली असते, त्यामुळे काम लवकर होतं. पण एनए (बिनशेती) हुकूम, रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी), टीपी म्हणजे नगररचना योजनेतला फायनल प्लॉट क्रमांक, बानाखत (विक्रीचा करार) यांच्या प्रती स्वतःकडे घेऊन तुमच्या पगाराच्या बँकेतही दर विचारा. ४० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर ८.५ टक्क्यांनी हप्ता ३४,७१३ रुपये येतो, ९ टक्क्यांनी ३५,९८९. म्हणजे साइटवरच्या सोयीची किंमत, दर तसाच राहिला तर, तीन लाखांच्या वर जाते.

सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं ते “नव्वद टक्के करून देतो” या वाक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. घराची किंमत १० लाखांच्या वर असेल तर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. ५० लाखांच्या दस्तावर मंजुरी ४० लाखांपर्यंतच. वर गुजरातचं मुद्रांक शुल्क ४.९ टक्के म्हणजे २,४५,००० आणि नोंदणी १ टक्का म्हणजे ५०,००० (खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर ही नोंदणी फी लागत नाही). हाताशी तेरा लाख हवेतच. उरलेले ‘करून देणारा’ एकतर वैयक्तिक कर्ज जोडून देतो, नाहीतर मूल्यांकन फुगवायचं सुचवतो. दोन्हीला नाही म्हणा.

दुसरी खोड म्हणजे एकाच वेळी पाच ठिकाणी लॉगिन. प्रत्येक संस्था सिबिल वगैरे पतमाहिती ब्यूरोंकडे चौकशी करते, ती नोंद अहवालात दिसते आणि स्कोअरला थोडा झटका बसतो. अशा चार चौकश्या पाहिल्या की पाचवा क्रेडिटवाला विचारतो, आधीच्यांनी का नाकारलं? स्वतःचा अहवाल स्वतः काढला तर स्कोअर हलत नाही. चारही ब्यूरोंकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढून, चुका दुरुस्त करून, मग एका किंवा फार तर दोन ठिकाणी अर्ज करायचा. स्कोअर ‘वाढवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याबद्दल वेगळं काही लिहायला नको.

विम्याचं प्रकरण सगळ्यात गुळगुळीत. मंजुरीच्या दिवशी, सह्यांच्या गठ्ठ्यात, कर्जाला जोडलेली एकरकमी हप्त्याची पॉलिसी येते आणि “ही कंपल्सरी आहे” असं सांगितलं जातं. तशी सक्ती नाही. सव्वा लाखाच्या आसपासचा प्रीमियम कर्जातच मिळवला जातो, म्हणून खिशाला लागत नाही. १,२०,००० रुपयांवर ८.५ टक्क्यांनी २० वर्षांत जवळजवळ अडीच लाख फेडले जातात. संरक्षण हवंच असेल तर वेगळा टर्म प्लॅन घेऊन तुलना करा. सही होऊन गेली असली तरी पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवस परत करता येते.

या सगळ्यावर एकच कागद उपयोगी पडतो, तो म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चांचं पत्रक. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते प्रत्येक रिटेल (व्यक्तींना दिलेल्या) कर्जाला, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत, द्यावंच लागतं. त्यात सगळ्या खर्चांसह एपीआर (कर्जाचा एकूण वार्षिक दर) लिहिलेला असतो, वकील-मूल्यांकन-विमा असे तिसऱ्या पक्षाचे खर्चही असतात. त्यात नसलेला खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. “आजच सही करा, ऑफर संपते” म्हणणाऱ्या एजंटाला हे तीन दिवस आठवण करून द्या, त्याचा सूर लगेच खाली येतो. ४० लाखांवर अर्धा टक्का प्रोसेसिंग फी म्हणजे २०,०००, वर १८ टक्के जीएसटीचे ३,६००. हा आकडा त्या कागदात आणि एजंटाच्या तोंडी एकच आहे का ते पाहा.

बँक आणि हाउसिंग फायनान्स कंपनी यांतला फरकही एजंट गिळतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांचं बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या निर्देशांकाशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर बदलतो. कंपन्यांवर ते बंधन नाही. त्या आपल्या अंतर्गत दरावर चालतात, आणि नव्या गिऱ्हाइकाला दिलेली सूट जुन्याला आपोआप मिळत नाही. उत्पन्नाचे कागद कच्चे असलेल्याला कंपनीच कर्ज देईल, हेही खरं. मग दर वर्षी रूपांतर फी भरून दर खाली आणता येतो का ते विचारत राहायचं. ते काम एजंट करत नाही.

वाटप झालं की एजंटाचा फोन थंड होतो, आणि दोन वर्षांनी तो नंबर दुसऱ्याच कंपनीच्या ‘व्हाइस प्रेसिडेंट’चा निघतो. म्हणून मूळ दस्तऐवजांची यादी संस्थेच्या शिक्क्यासह वाटपाच्या दिवशीच घ्या, एजंटाच्या हातून मूळ कागद पाठवले असतील तर त्याच्याकडून वेगळी पोच घ्या. कर्ज फिटल्यावर संस्थेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. संस्थेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यासाठी अर्ज शाखेत लेखी द्यायचा आणि त्यावर तारखेचा शिक्का घ्यायचा. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांनी बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करायची, हाउसिंग फायनान्स कंपनीची नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर.