डोंगराआडचं पाणी आणि स्नॅपमधलं ‘सार सिम्युलेशन’

पावसाळ्यात मेळघाटावर ढग बसले की साधा उपग्रह फोटो म्हणजे नुसती पांढरी गोधडी. मी परतवाड्याचा. डोंगरातले पाणवठे नकाशावर टाकून ग्रामसभांना देतो. जून ते सप्टेंबर भिस्त सगळी सेंटिनेल-1 या युरोपियन उपग्रहाच्या रडारवर. ढगाआरपार दिसते, चित्रं फुकट मिळतात, पाणी काळं उमटते. सपाट पाण्यावर पडलेली रडारची लहर पुढंच निघून जाते, उपग्रहाकडे परतत नाही, म्हणून काळं.

तिथंच फसलो. मागच्या ऑगस्टात सापन नदीच्या वरच्या अंगाला एक लांबट काळा डाग दिसला. तळंच समजलो. चिखल तुडवत तीन तास चालत गेलो. सोबतचे कोरकू काका हसून म्हणाले, “पाणी कायचं बाप्पा, कडा हाये थो.” कड्याची पडछाया होती ती. रडारची लहर तिथं पोचलीच नव्हती.

मग स्नॅपमधलं ‘सार सिम्युलेशन’ हे साधन उघडलं; सार म्हणजे अशाच रडारचं इंग्रजी लघुनाव. स्नॅप हे युरोपियन स्पेस एजन्सीचं मोफत सॉफ्टवेअर. उपग्रहाची कक्षा आणि जमिनीची उंची घेऊन हा डोंगर रडारला कसा दिसायला पाहिजे, त्याचं खोटं चित्र ते बनवते. सोबत एक मास्क, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला आकडा देणारा नकाशा, देते: 0 म्हणजे ठीक, 1 लेओव्हर, 2 पडछाया, 3 दोन्ही. लेओव्हर म्हणजे डोंगराचा माथा पायथ्यापेक्षा उपग्रहाला जवळ पडतो, म्हणून चित्रात माथाच आधी येतो आणि डोंगर उपग्रहाकडे कलंडल्यासारखा दिसतो.

मला खरा फायदा झाला तो दिशेचा. सेंटिनेल फक्त उजवीकडे पाहतो. सकाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना त्याची नजर पश्चिमेकडे असते, म्हणून मावळतीकडेच तोंड असलेल्या भिंती पडछायेत जातात. आमचा कडा नेमका तसाच. गाविलगड डोंगररांगेची दक्षिणेकडची मोठी उतरण मात्र बरीचशी वाचते, कारण रडार तिच्याकडे आडव्या अंगानं पाहते. घोळ होतो तो उत्तर-दक्षिण दऱ्यांत, आणि आमच्या नद्या तर तशाच उतरतात. त्यात उपग्रह टिपतो त्या पट्ट्याच्या जवळच्या काठावर लहर साधारण 29 अंशांनी पडते, दूरच्या काठावर 46 नी. जवळ लेओव्हर जास्त, दूर पडछाया.

आता उणं. मी वापरतो तो उंचीचा डेटा 30 मीटरचा, 2000 साली अमेरिकेच्या स्पेस शटल यानातून मोजलेला. त्यानंतरचे बंधारे त्यात नाहीत; कडे काही हलले नाहीत म्हणा, पण 30 मीटरच्या चौकटीत उभा कडा घासून साधा उतार होतो. माझ्या त्या कड्यावर मास्कनं चक्क 0 दिला! खोट्या चित्रात मात्र तीच जागा अंधुक होती. म्हणून मास्कवर न थांबता खोटं चित्र खऱ्या चित्राशेजारी ठेवून पाहतो. दोन्हीकडे काळं असलं तर डोंगराचं काम. फक्त खऱ्यातच काळं असलं तर गाडी काढायची.

या साधनाला माझे गुण पाचपैकी चार. लॅपटॉप 8 जीबीचा असेल तर 250 किलोमीटर रुंदीचं अख्खं चित्र टाकू नका, आपला तुकडा आधी कापून घ्या. मी पहिल्यांदा अख्खं टाकलं, मशीन दोन तास गुरगुरत बसली आणि शेवटी लाईन गेली.