झिरो प्रोटीन पिठाच्या नादात अप्पांचं आठ किलो वजन गेलं

खानापूर, नंदगड बाजूच्या लोकांनी हे वाचाच. अप्पांना पंधरा वर्षांची शुगर, त्यात लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून कळलं आणि क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाली की रक्तात वाढतं ते) 2.1 आलं, घरात सगळेच हबकलो, आणि नेमका तेव्हाच गावातल्या मंगल कार्यालयात फ्री शुगर तपासणीचा कॅम्प लागला. तिथला माणूस अगदी आपल्यासारखं बोलणारा, म्हणाला प्रोटीन वाया जातंय ना, मग खाताच कशाला, डायलिसिस टाळून दाखवतो. पटलं ओ! तीन महिन्यांचा कोर्स 18,500 रुपये, रोख, पावती वहीच्या कागदावर.

डाळ, दूध, अंडं, मासे सगळं बंद, आणि खायला त्याचं ते झिरो प्रोटीन पीठ. आईनं भाकरी थापायला घेतली तर हाताला खळ चिकटावी तसं, तव्यावर टाकली की काचेसारखी दिसायची. प्रोटीन काढल्यावर पिठात उरणार काय, नुसता स्टार्च, पण तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि जेवल्यावरची शुगर 300 च्या खाली येईना.

दोन महिन्यांनी क्रिएटिनिन 1.8. मी पेढे वाटले, आता सांगायला लाज वाटते. त्यानं तो रिपोर्ट फोटो काढून पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवला. इकडे अप्पा 62 वरून 54 किलोवर, भिंत धरून चालायचे. शेवटी बेळगावात किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी अप्पांचा दंड चिमटीत धरून दाखवला, म्हणाले क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, स्नायूच झिजले म्हणून आकडा उतरलाय, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे ते वाया जाणारं प्रोटीन, बघा की, आहे तिथंच आहे.

त्यांचं म्हणणं, प्रोटीन कमी म्हणजे शून्य नव्हे, किलोमागे 0.8 ग्रॅम धरायचं, अप्पांना दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे भाकरी, आमटी, थोडं दूध सगळं येतं पण मापात. आणि डायलिसिस लागलं तर उलट वाढवायला लागतं.

त्या पिठाबरोबर एक पावडर पण होती, डब्यावर सगळं कन्नड. आम्ही मराठी शाळेतले, कोण वाचणार? कन्नड शिकणाऱ्या पोरीनं कोपऱ्यातली बारीक ओळ वाचली, ‘इदु औषधवल्ल’. हे औषध नव्हे, म्हणून.

त्या कॅम्पवाल्याचा फोन आता बंद. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला लावला तर त्यांनी आधी बिल मागितलं, वहीचा कागद काय दाखवू? आता निपाणीकडे कॅम्प लावतोय म्हणे.