साठ मावळ्यांचे साठ हजार झाले, तेव्हाच उठायला हवं होतं

मी कोल्हापूरची. जन्म मंगळवार पेठेतला, सासर राजारामपुरीत, ३३ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आणि कोल्हापूर दाखवतो म्हणून मला माझ्याच गावात एकानं गंडवलं. बाहेरगावचं माणूस फसलं तर लोक हळहळतात, आम्ही फसलो तर हसतात. हसा, पण वाचा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात आपला पन्हाळा. दोनच दिवसांत नागपूरच्या मैत्रिणीचा फोन. "अगं, आता तरी बोलाव की!" ती, तिचे यजमान, मुलगा, सून आणि मी, असे पाच जण ठरले. माझे गुडघे पन्हाळ्याच्या पायऱ्या चढायच्या लायकीचे राहिलेले नाहीत, आणि दाजीपूरच्या अभयारण्यात मी शेवटची गेले त्याला वीस वर्षं झाली. पिकतं तिथं विकत नाही, तसलाच प्रकार. म्हणून म्हटलं, गाईड करू.

फोनवर जाहिरात दिसली. दोन दिवस, इतिहास आणि निसर्ग, माणशी २,६००. खाली फोटोच फोटो: पन्हाळ्याच्या 'तीन दरवाजा' या वेशीपुढं हसणारी कुटुंबं, धुक्यात उभा गवा. फोन केला तर पलीकडून अस्सल आपली बोली. "बाई, निवांत ऱ्हावा. आपलं काम म्हंजे खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी." मी शिक्षिका आहे हे त्यानं बोलता बोलता काढून घेतलं आणि तिथून पुढं प्रत्येक वाक्यात 'बाई'. मी विरघळले.

८,००० आगाऊ मागितले. पैसे पाठवताना पडद्यावर नाव आलं ते भलत्याचंच. विचारलं तर म्हणाला, "मेव्हण्याचं खातं हाय." मी बटण दाबलं.

त्यानं पाठवलेलं पत्रक आज वाचते तेव्हा स्वतःचाच कान पिळावासा वाटतो. पहिल्या दिवशी सकाळी 'अंबाबाई किरणोत्सव दर्शन'. किरणोत्सव! मावळतीची किरणं देवीच्या पायांपासून वर चढतात ते दिवस जानेवारीअखेरीचे आणि नोव्हेंबरातले, हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. जुलैत आमच्याकडं सूर्यच दिसला तर उत्सव. मी ते वाचलं होतं. वाटलं, दुसऱ्या कुठल्या पत्रकातली ओळ चुकून राहिली असेल.

पन्हाळ्यावर तो स्वतः आला. पांढरा सदरा, गळ्यात ओळखपत्र, पण त्यावर फक्त फोटो आणि 'गाईड' एवढंच. ना नंबर, ना कुणाचा शिक्का. धुकं असं की दहा पावलांवरचं माणूस दिसेना. पावनखिंडीच्या मोहिमेला निघालेली चिखलानं माखलेली पोरं भेटली, मक्याची कणसं झाली, सगळे खूश. मग त्यानं तोंड उघडलं.

गड म्हणे महाराजांनी बांधला. शिलाहार राजा दुसरा भोज बाराव्या शतकात तिथं होता, त्याचं काय? अंबरखान्याला कैदखाना म्हणाला. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याच्या कोठारांची नावं; कैद्यांच्या कोठड्यांना कोण अशी नावं देतं! आणि कहर म्हणजे कोंडाजी फर्जंद. १६७३ मध्ये साठ मावळ्यांनिशी रातोरात पन्हाळा घेतला, ही सातवीच्या पोरांना सांगताना माझ्याच अंगावर काटा यायचा अशी गोष्ट. यानं सांगितलं, साठ हजार. अहो, साठ हजारांनी गड घेतला तर त्यात मर्दुमकी कसली?

मी हळूच म्हटलं, "साठच होते ना?"

"बाई, पुस्तकात तसं असतंय. गडावर असं सांगत्यात."

पाहुणे हसले, मीही हसले. इथं थांबून सांगते, कारण खरी मेख इथंच आहे. माझी खात्री होती की याला काही माहीत नाही. ज्याला आपल्या धंद्याचं मूळच माहीत नाही, त्यानं उद्याच्या जंगलाची सोय काय केली असेल, हा प्रश्न मला तिथंच पडायला हवा होता. पण पाहुण्यांसमोर तमाशा नको, पोरगं गरीब असेल, दिवस खराब होईल. भीड भिकेची बहीण, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय.

उतरताना त्यानं एका चपलांच्या दुकानात नेलं. 'आपल्या माणसांसाठी' भाव म्हणून मैत्रिणीच्या यजमानांनी २,८०० चा एक जोड घेतला. बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं चामडं वगैरे सगळं ऐकवलं गेलं. दुसऱ्या दिवशीच्या पावसात तळ पुठ्ठ्यासारखा फुगून सुटला. ते असो.

संध्याकाळी म्हणाला, "उद्या जंगलात रेंज नसतीय, आजच मिटवूया." उरलेले ५,००० गेले. त्याआधी सगळ्यांना तीन दरवाजापुढं उभं करून त्यानं फोटो काढला. आणि वनविभागाचा परवाना म्हणून एक छापील कागद माझ्या हातात दिला: राजमुद्रा, पाच नावं, जीप, वाटाड्या, रक्कम ७,५००. मला तो फार अधिकृत वाटला. कागदावर पावती क्रमांक नव्हता, दिल्याची तारीख नव्हती, कार्यालय कुठलं तेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली, जीप नव्हे, साधी भाड्याची गाडी. तो नाही; ड्रायव्हर एकटाच. राधानगरीच्या पुढं घाटातला पाऊस असा की वायपर हरले. दाजीपूरला वनखात्याच्या नाक्यावर मी ऐटीत कागद पुढं केला. तिथल्या माणसानं तो उलटा-सुलटा पाहिला आणि परत दिला.

"बाई, पावसाळ्यात अभयारण्य बंद असतंय. दरवर्षीचंच हाय हे."

ड्रायव्हरला त्यात काहीच माहीत नव्हतं. त्याला 'पाहुण्यांना राधानगरी धरण दाखवून आण' एवढंच सांगितलेलं, आणि त्याचंही भाडं अजून मिळायचं होतं. आम्ही छत्र्या धरून लांबून धरण पाहिलं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणाऱ्या सात दरवाजांचं. तेवढ्यापुरतं मी गाईडचं काम केलं आणि खरं सांगू, दोन दिवसांत खरा इतिहास पाहुण्यांनी तेवढाच ऐकला.

फोन लावला तर आधी, "झाड पडलंय वो बाई रस्त्यात." नाक्यावरच उभी आहे म्हटल्यावर एकदम नरम. "पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, जमा हुतील." मी चष्मा पुसून स्कॅन करायलाच निघाले होते. सुनेनं हात धरला. "मावशी, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की जातात." ती नसती तर आणखी ७,५०० गेले असते. त्यानंतर त्याचा फोन बंद.

त्याच दुपारी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली, क्रमांक मिळाला. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

दाजीपूरला जायचं असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात फोन करून अमुक तारखेला प्रवेश सुरू आहे का, एवढंच विचारा. प्रवेशाची पावती नाक्यावर आपल्या हातानं फाडून घ्या, दुसऱ्याच्या मोबाइलवरची चालवून घेऊ नका. पन्हाळ्यावर गाईड घ्या, जरूर घ्या, चांगली माहीतगार माणसं आहेत तिथं. पण ठरवण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. चुकला तर तिथंच राम राम. आणि पैसे भरताना मेव्हण्याचं नाव दिसलं तर बोट मागं घ्या.

हे सगळं आता लिहायचं कारण, परवा सुनेनं नागपूरहून त्याच माणसाची जाहिरात पाठवली. क्रमांक नवा, नाव नवं. खाली 'आमचे समाधानी पर्यटक'. तीन दरवाजा, धुकं, पाच माणसं. मधोमध काठी टेकून उभी आहे ती मी, आणि चांगली तोंडभरून हसते आहे.