पोटाच्या दुर्मीळ कॅन्सरवाल्यांची नाशिकमधली बैठक: माझा अनुभव आणि मत

गंगापूर रोडला एका हॉलच्या वरच्या मजल्यावर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी काही माणसं जमतात. कुणी सिन्नरहून येतं, कुणी येवल्याहून, कुणी ओझरहून. प्रत्येकाच्या हातात सीटी स्कॅनची ती मोठी पिशवी असते. बहुतेक सगळे रोज एकच गोळी खातात, इमॅटिनिब. त्यांतल्या बऱ्याच जणांना सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर आहे. आम्हा मोजक्या लोकांना जिस्ट आहे, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. फी नाही, फॉर्म नाही. चहाचे पैसे जमेल त्याने जमेल तेवढे डब्यात टाकायचे. मी दोन वर्षांहून जास्त काळ इथे जाते आहे. ज्यांना हे निदान नुकतंच झालंय आणि रात्री झोप लागत नाहीये, त्यांच्यासाठी लिहिते.

माझं आधी थोडक्यात सांगते. मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी चालू असताना मला बांधावर चढतानाही धाप लागायला लागली. शौचाला काळं डांबरासारखं व्हायचं. हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं की रक्त चढवावं लागलं. त्याआधी कित्येक महिने एका दवाखान्यातून ॲसिडिटीच्या आणि लोहाच्या गोळ्या मिळत होत्या, कारण बायकांचं रक्त कमी असतंच असं सगळेच धरून चालतात. शेवटी एंडोस्कोपी झाली. जठरात गाठ दिसली, पण वरचं अस्तर साफ होतं आणि तुकडा तपासला तर त्यात काहीच आलं नाही. जिस्टमध्ये असं होतं. नेहमीचा जठराचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो, जिस्ट त्याखालच्या स्नायूच्या थरातून. आतड्यांच्या हालचालीला ताल देणाऱ्या काहाल नावाच्या पेशी असतात, त्यांच्याशी याचं नातं आहे. वरवरच्या तुकड्यात तो सापडेलच असं नाही. ऑपरेशन करून जठराचा गाठ असलेला भाग काढला, तपासणीत सीडी-११७, म्हणजे जिस्टची खूण असलेलं प्रथिन, पॉझिटिव्ह आलं, आणि मग नाव कळलं.

नाव कळल्यावर एकटेपणा जास्त वाढला. नातेवाईक भेटायला यायचे आणि विचारायचे, केमो कधी, केस कसे गेले नाहीत? जिस्टवर नेहमीची केमो चालत नाही, याला गोळी असते, हे दर वेळी समजावून सांगावं लागायचं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसायचं की त्यांना वाटतंय, हिला खरं सांगितलेलं नाही. ज्यांना दुसऱ्या अवयवांचा कॅन्सर होऊन गेला, त्यांनी मनापासून सल्ले दिले. मला ते लागू पडत नव्हते. दहा लाखांत वर्षाला दहा-पंधरा लोकांना होणारा हा आजार. आपल्या गल्लीत दुसरा कोण सापडणार?

बैठकीत सापडला. येवल्याचे एक भाऊ, पैठणी विणणारे. त्यांचंही जठर, त्यांचंही ४०० मिलिग्रॅम. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, “ताई, पोटऱ्यांना गोळे येतात का रात्री?” डॉक्टरांच्या कागदावर ‘स्नायूंचे गोळे’ एवढंच लिहिलेलं होतं. या माणसाला मागावर बसून पाय चालवायचे असतात, तेव्हा पायाला गोळा आला की काय होतं ते त्यांनी उठून करून दाखवलं. झोपण्याआधी पोटऱ्या कशा ताणायच्या, दिवसभर पाणी कसं ठेवायचं, आणि गोळे फारच वाढले तर रक्तात कॅल्शियम, मॅग्नेशियम बघायला डॉक्टरांना सांगायचं, हे सगळं त्यांच्याकडून कळलं. माझे डोळे सकाळी सुजलेले असायचे. घरी सासूबाई विचारायच्या, रात्री रडलीस का गं? बैठकीत गेले तर समोरच्या रांगेत चार-पाच जणींचे डोळे तसेच. सिन्नरच्या काकू म्हणाल्या, “हे गोळीचं पाणी आहे, बाई. उशी थोडी उंच घे, मीठ कमी कर.” त्या दिवशी मी घरी येऊन व्यवस्थित जेवले.

गोळी कशी घ्यायची यावर इथे जितकं बोललं जातं तितकं मी कुठे ऐकलं नाही. भरल्या पोटी, दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाणी पिऊन. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ ठरलेलीच. गिळवत नसेल तर पेलाभर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. नाशिकच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो द्राक्षांचा. द्राक्षं चालतात. चालत नाही ते ग्रेपफ्रूट, पपनसाच्या जवळचं एक लिंबूवर्गीय फळ. त्याने गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. बागेतल्या माणसाला हे स्पष्ट कळणं किती मोठं आहे ते बागेतल्याच माणसाला समजेल. मिसळीचाही प्रश्न येतोच. ऑपरेशननंतर जठर लहान झालेल्यांनी थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायचं असतं. आमच्यातले काही जण बैठकीनंतर मिसळ खायला जातात. एक प्लेट दोघांत, तर्री बाजूला. मीही जाते. तिखट झेपत नसेल त्याने जाऊ नये, पण निदान झालं म्हणून नाशिककराने मिसळ कायमची सोडली पाहिजे असं काही नाही.

ओझरचे काका या बैठकीचा कणा आहेत. एचएएलमधून निवृत्त, सीएमएलचे जुने रुग्ण. त्यांना सुरुवातीची वर्षं ग्लिव्हेक, म्हणजे इमॅटिनिबची मूळ गोळी, मोफत मिळायची, ती बनवणारी नोव्हार्टिस कंपनी आणि मॅक्स फाउंडेशन ही संस्था यांच्या २००२ साली सुरू झालेल्या योजनेतून. नव्या माणसाला ते गोळीची पूर्ण हकिकत सांगतात, आणि मला ती दर वेळी पुन्हा ऐकावीशी वाटते. १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की जिस्टच्या पेशींत केआयटी नावाच्या जनुकात बिघाड असतो. रक्ताच्या कॅन्सरसाठी तयार होत असलेली गोळी हाच बिघडलेला खटका बंद करते हे लक्षात आलं, आणि २००० साली फिनलंडमध्ये हेलसिंकीला एका बाईला ती पहिल्यांदा दिली गेली. तिच्या गाठी आक्रसल्या. २००२ पर्यंत अमेरिकेत जिस्टसाठी मान्यता मिळाली. त्याआधी पसरलेल्या जिस्टवर औषधच नव्हतं. मग भारतातला पेटंटचा खटला. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. त्या वेळी मूळ गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास सांगितला जायचा आणि भारतीय कंपन्यांच्या गोळीचा आठ-दहा हजार. काका हे सांगतात तेव्हा हॉल गप्प असतो. त्या निकालामुळे आपण इथे बसलोय हे प्रत्येकाला माहीत असतं.

कागदपत्रांसाठीही ही जागा उपयोगाची आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी काय काय लागतं, रेशन कार्डावर नाव चुकीचं असेल तर आधी काय करायचं, हे स्वतः रांगेत उभी राहिलेली माणसं सांगतात. म्युटेशनची, म्हणजे गाठीच्या जनुकात नेमका कुठे बदल झालाय याची, तपासणी करून घ्या, असा आग्रहही मी इथेच पहिल्यांदा ऐकला. केआयटी जनुकाच्या एक्सॉन ९ या भागात बदल असेल तर डॉक्टर जास्त डोस देण्याचा विचार करतात, आणि काही प्रकारांत इमॅटिनिब काम करतच नाही. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तपासणी लिहून दिली. बैठकीत कुणीही डोस सांगत नाही, प्रश्न सांगतात. हा नियम काका फार कडक पाळतात. मध्यंतरी एक गृहस्थ काढ्याच्या बाटल्या घेऊन आले होते, कॅन्सर मुळापासून बरा करतो म्हणून. काकांनी त्यांना चहा दिला आणि बाटल्या न उघडता परत पाठवलं. या एका गोष्टीसाठी मी ही बैठक कुणालाही सुचवेन.

आता कमी काय आहे ते. जिना चढावा लागतो, लिफ्ट नाही. ऑपरेशन ताजं असलेल्या माणसाला ते जड जातं. बैठक वेळेवर सुरू होत नाही, आणि ओळखींमध्ये तासभर जातो. सीएमएलवाल्यांची संख्या जास्त असल्याने बोलणं पीसीआर रिपोर्टकडे, म्हणजे सीएमएल किती आटोक्यात आहे ते सांगणाऱ्या रक्ततपासणीकडे, वळतं, तो आम्हाला लागू नाही; आमचं सगळं सीटीवर असतं. नवीन जिस्टवाल्याने इथे घाबरून जाऊ नये, सरळ हात वर करून विचारावं की जिस्टचे कोण कोण आहेत. नवरे मंडळी मागच्या रांगेत मोबाईल बघत बसतात, त्यांच्याशी कुणी बोलत नाही. माझे मिस्टरही तसेच बसायचे. त्यांच्यासाठी वेगळा अर्धा तास ठेवा, असं मी सुचवलंय, अजून झालेलं नाही. समुपदेशक नाही, आणि तो हवाच.

एक गोष्ट काहींना कमी वाटेल, मला वाटत नाही. इथे वाईट बातमी लपवत नाहीत. सिन्नरच्या काकूंवर इमॅटिनिबचं काम थांबलं. त्यांनी उभं राहून सांगितलं की आता सुनिटिनिब सुरू केलंय, कातडी पिवळट दिसते, तळवे सोलवटतात, चपातीचा तवा धरवत नाही. त्यानंतर रेगोराफेनिब असतं, रिप्रेटिनिबही आलंय, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्यातला एक तरुण मुलगा बरं वाटतंय म्हणून मनानेच गोळी बंद करून बसला होता. काकूंनी त्याला शेजारी बसवून घेतलं. जोखीम जास्त असलेल्यांना ऑपरेशननंतर एका वर्षापेक्षा तीन वर्षं गोळी घेण्याचा फायदा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलाय, हे त्याला डॉक्टरांनीही सांगितलेलं होतं. काकूंनी फक्त आपले तळवे त्याच्यापुढे धरले. तो आता गोळी घेतो. मागच्या बैठकीला आईला घेऊन आला होता.

माझे सीटी आजवर स्वच्छ आहेत. पुढचा आला की रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरांकडे आणि मग बैठकीलाच जाणार. या वर्षीची खरड छाटणी मी उभी राहून करून घेतली. क्रेट मात्र उचलत नाही.

ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या कॅन्सर तज्ज्ञांना किंवा तिथल्या नर्सला विचारावं, बहुतेकांना ही बैठक माहीत असते. बायोप्सीचा रिपोर्ट आणि शेवटचा सीटी सोबत आणा, झेरॉक्स चालेल. घरचं एक माणूस आणा. बैठक दुपारपर्यंत लांबते, तेव्हा डबा आणि दुपारची गोळीही बरोबर ठेवा. पाणी तिथे मिळतं.