इन्व्हर्टरवर इंडक्शन: चारशेचं बटण चारशेचं नसतंय

परवा बॅटरीवाल्यासोबत वाजलं म्हणून लिहायलोय, नाहीतर मी असलं काही लिहिणाऱ्यातला नाही. आम्ही उदगीरच्या बाजूचे, लाइट कधी जाईल अन् कधी येईल ह्याचा काही नेम नाही, घरी सिलेंडर एकच, तो संपला की दुसरा येईपर्यंत इंडक्शनवर भागवायचं आणि नेमकं कुकर चढवला की लाइट गुल. म्हणून मागच्या पावसाळ्यात 2 केव्हीएचा प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि 150 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतंय ते) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या, 12-12 व्होल्टच्या, जोडून 24. एका बॅटरीवर हजार वॅट ओढायच्या नादी लागू नका, शंभराच्या आसपास अँपिअर जातेत, टर्मिनल जरा ढिल्लं असलं की वास सुटतो. आणि लाइन वेगळी ओढून घ्या, घरातली इन्व्हर्टरची वायर ट्यूब-पंख्यापुरतीच टाकलेली असती.

चालतंय का? चालतंय की राव, झकास चालतंय. लिटरभर पाणी उकळायला 0.1 युनिटच्या आसपास लागतंय, चहाचं तर बॅटरीला कळतबी नाही. वरण-भाताचा कुकर हजारावर लावला की शिट्ट्या होऊन मोकळं. भाकरीचा विषय काढू नका, आईनं एकदा करून बघितली, फुगवायला जाळच नाही म्हणल्यावर तवा उचलून बाजूला ठेवला.

आता माझं खरं दुखणं. ह्या शेगडीवर 400 वॅटचं बटण आहे. मी म्हणलं चला, लाइट गेली की दूध चारशेवर ठेवावं, बॅटरीला आराम. तर इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर लोड 8 टक्के, मग एकदम 65, परत 8, परत 65! म्हणजे ती चारशे घेतच नाही, हजार-बाराशे वॅट काही सेकंद घेती, मग बंद, मग परत, आणि सरासरी चारशे पडती. दूध एकदम उसळी मारतंय अन् मग एकदम गप्प, ट्यूब लुकलुकती, पंखा कण्हतो, पोरगं अभ्यास सोडून वर बघत बसतंय. आई म्हणली, "अरं ह्याला उचकी लागली का काय." लाइनवर असताना हे कुणाला कळत नाही, म्हणून कुणी बोलतबी नाही. महागातल्या काही शेगड्या कमी वॅट सलग देतेत म्हणे, पण दुकानात विचारलं तर समोरच्याला प्रश्नच कळला नाही. डब्यावर मात्र 'पॉवर सेव्हिंग' ठळक छापलंय. कुणाची पॉवर आणि कसलं सेव्हिंग?

उन्हाळ्यात बॅकअप घसरला. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत लो बॅटरीचा पुंगा, आणि बंद करून थोड्या वेळानं बघितलं की व्होल्टेज परत चांगलं दिसायचं. माझा संशय सरळ त्या उचकीवर. मेकॅनिक आला, आल्या आल्या त्याची नजर ओट्यावर. "दादा, इंडक्शन चालवलं ना, मग वॉरंटीचा विषय संपला." म्हणलं कार्डावर कुठं लिहिलंय ते दाखव. मग तो एएच समजावून सांगायला लागला, की 150 एएच हे 20 तासात सावकाश काढलं तर, म्हणजे साडेसात अँपिअरनं, आणि तुम्ही पन्नास ओढताव. ते खरंय, हजार वॅटला 24 व्होल्टवर पन्नासएक अँपिअर जातेतच, तेवढं ओढलं की दोन्ही बॅटऱ्यांच्या कागदावरच्या साडेतीन युनिटातलं निम्म्याच्या आसपासच हाती लागतंय, तेबी मान्य.

पण मग मी म्हणलं हायड्रोमीटर लाव, बॅटरीतल्या ॲसिडचा दाटपणा बघायची नळी असती ती. एकेका सेलमधून पाणी ओढून बघितलं, पहिल्या बॅटरीत सहाच्या सहा सेलला फ्लोट (नळीतला तरंगता काटा) हिरव्यात, म्हणजे चार्ज ठीक. दुसरीत पाच हिरव्यात अन् टोकाच्या सेलला फ्लोट पार खाली, लाल पट्टीवर. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागं एक जोडलेल्या, जितका करंट एकीतून तितकाच दुसरीतून, पाणी मीच एकाच कॅनमधलं घातलेलं. मग इंडक्शननं बारापैकी एकच सेल निवडून मारला का रं भावा? त्याला उत्तर सुचेना, फोनवर साहेबाशी बोलतो म्हणून बाहेर गेला. दोन-तीन चकरा झाल्या, चार्जिंगला म्हणून बॅटरी नेली, शेवटी बदलून दिली.

म्हणजे त्या सेलचं पाप उचकीच्या माथी मारता येत नाही, हे आता मीच म्हणतो. तरी चारशेचं बटण मी दाबत नाही ते नाहीच. दुधाला आता हजारावर उकळी, मग शेगडी बंद करून झाकण.

पैशाचं म्हणाल तर लाइट असताना इंडक्शन गॅसच्या तोडीस तोड पडतंय, पण बॅटरीतून शिजवलेलं एक युनिट परत भरायला लाइनवरून दीडच्या वरच युनिट जातंय, झीज वेगळीच. म्हणून घरात नियम केलाय, लाइट गेल्यावर फक्त चहा आणि अर्ध्यावर राहिलेला कुकर, नवीन काही चढवायचं नाही. बायको नियम पाळती, आई पाळत नाही.

सध्याची भानगड वेगळीच आहे. जुनी आणि नवी बॅटरी सिरीजमध्ये एकत्र नसावी म्हणतेत, कमजोर असती ती आधी रिकामी होती अन् चार्जिंगला दोघींचं जमत नाही. मल्टिमीटर लावून बघायलोय तर फरक आत्ताच दिसायलाय. मेकॅनिकला फोन केला तर म्हणतो दादा, दुसरीबी नवी घेऊन टाका, डिस्काउंट देतो.