नोमेक्सच्या भावात पॉलिस्टर: डांबर प्लांटच्या बॅगा घेताना

पावसाळाभर बंद असलेले हॉट मिक्स प्लांट (रस्त्यासाठी खडी तापवून डांबरात मिसळणारे) ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात आणि बॅग फिल्टरच्या बॅगा, म्हणजे धुरातली धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या, बदलायची घाईही तेव्हाच उडते. फसवणारा याच घाईवर टपून असतो.

कोटेशनवर 'नोमेक्स, ५०० जीएसएम' (दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम) असं लिहिलेलं, भाव पॉलिस्टरच्या कितीतरी पट. बॅगा येतात त्या पांढऱ्याशुभ्र. गोम इथेच आहे: नोमेक्स म्हणजे मेटा-अरामिड, उष्णता सोसणारा कृत्रिम तंतू, आणि त्याचं फेल्ट (तंतू सुयांनी गुंतवून केलेलं जाड कापड) पॉलिस्टरसारखंच पांढरं. हात फिरवून भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

ओळख पटते ती खडी वाळवणारा ड्रम तापल्यावर. खडी वाळवून बॅगांकडे येणारी हवा १४०-१६० अंशांवर सहज जाते, वर तिच्यात खडीतल्या पाण्याची वाफ. अरामिड २०० अंशांपर्यंत चालतं. पॉलिस्टर कोरड्या हवेत १३० अंशांच्या आसपास दम सोडतं, आणि वाफ असेल तर त्याहून कमी तापमानालाही त्याचा धागा आतून तुटत जातो.

पहिले काही दिवस सगळं छान. नव्या बॅगा कसल्याही असोत, डीपी (बॅगांच्या आतबाहेरच्या हवेच्या दाबातला फरक) कमीच दिसतो, चिमणी स्वच्छ असते. पुरवठादार उरलेला चेक नेमका तेव्हाच मागतो. मग कापड आकसून केजला, म्हणजे बॅगेच्या आतल्या तारेच्या सांगाड्याला, आवळून बसतं. आवळलेली बॅग पल्सच्या (धूळ झाडायला सोडलेल्या दाबाच्या हवेच्या) झटक्याला फुगत नाही, म्हणून धूळ झडत नाही. डीपी पाण्याच्या १५० मिमी स्तंभाच्या वर चढतो, ड्रममधली ओढ कमी होते आणि बर्नरच्या बाजूने धूळ बाहेर येऊ लागते. एक दिवस डीपी आपोआप खाली येतो आणि ऑपरेटर सुटकेचा श्वास टाकतो. प्रत्यक्षात बॅगा फाटलेल्या असतात. मिक्समध्ये फिलर म्हणून परत जायची ती बारीक भुकटी चिमणीतून शेजारच्या शेतावर पडत असते.

तक्रारीवर उत्तर ठरलेलं: 'तुमच्या बर्नरचं तेल बॅगांवर बसलं.' तसं होतंही, नाही असं नाही. पण तेलाने खराब झालेली बॅग काळी, चिकट आणि लवचिक असते. वाफेने मेलेलं पॉलिस्टर कडक होतं, दुमडलं की तडकतं, दोन बोटांनी ओढलं तरी फाटतं. लांबीही मोजा: केज आहे तेवढीच आणि बॅग दोन-तीन सेंटीमीटरने आखूड झाली असेल, तर तेलाचा बहाणा चालत नाही.

म्हणून ऑर्डरमध्ये एक बॅग जास्तीची घ्या, कापण्यासाठी. १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा सोनाराच्या काट्यावर ठेवा. ५०० जीएसएम असेल तर ५ ग्रॅम भरायला हवा. ४ भरला तर ४०० जीएसएम गळ्यात मारलंय. मग चिमट्यात धरून लायटर लावा. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं, थेंब गळतो आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरतो. अरामिड वितळत नाही, नुसतं कोळसतं आणि ज्योत काढली की विझतं.

एवढ्यावर मात्र थांबू नका. हल्ली वरचा थर अरामिडचा आणि मागची बाजू किंवा मधली जाळी पॉलिस्टरची, असंही मिळतं. दोन्ही बाजूंचे तंतू सुईने वेगवेगळे उपसून जाळा, जाळीचा धागाही जाळा. आणि शिवणीचा दोरा! कापड अस्सल पण दोरा पॉलिस्टरचा, ही सगळ्यात स्वस्त चोरी. कापड शाबूत राहतं, बॅग उभ्या शिवणीत उसवते आणि दोष 'फिटिंग नीट केलं नाही' म्हणून तुमच्या माणसांवर येतो.

टेस्ट सर्टिफिकेटवर भिस्त ठेवू नका, रोल नंबर बॅगेवर छापलेला नसेल तर ते कुठल्याही कापडाचं असू शकतं. कापलेल्या बॅगेचा अर्धा भाग पुरवठादाराच्या माणसाची सही घेऊन प्लांटवरच सीलबंद ठेवा, आणि शेवटचा हप्ता प्लांट पूर्ण तापमानाला दोन महिने चालल्यावर द्यायचा, हे पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहा.