पूर्वजांचा शोध: कोतवाल पंजी आणि डीएनए चाचणी

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ तरुणपणीच भंडारा जिल्ह्यातले आमचे गाव सोडून राजनांदगावच्या कापड गिरणीत कामाला गेले आणि परतले नाहीत, एवढेच घरात सांगितले जाई. त्यांच्या वंशजांचा ठाव लागावा म्हणून तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष आणि एका खासगी कंपनीची डीएनए चाचणी अशा दोन सेवा मी घेतल्या. त्यांपैकी पहिलीचे पारडे माझ्या मते फार जड आहे.

जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवत असे. त्या कोतवाल पंजीची नक्कल, पाने शाबूत असतील तर, गावाचे नाव आणि अंदाजे साल देऊन अर्ज केल्यावर मिळते. बाळाचे नाव तिच्यात बहुधा सापडत नाही; ‘मुलगा’ एवढाच शब्द आणि बापाचे नाव व जात असते. त्यामुळे तिच्या जोडीला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जमिनीचा अधिकार अभिलेख पाहणे आवश्यक ठरते. आमच्या शेताच्या जुन्या फेरफारात दोघा भावांची नावे वारस म्हणून लागलेली होती आणि धाकट्याच्या नावापुढे ‘राहणार राजनांदगाव’ असे स्पष्ट लिहिले होते. कडा झडलेले ते पान कक्षातील कर्मचाऱ्यांनी ज्या जपणुकीने उलगडून दाखवले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गोंदियाकडच्या वाचकांनी मात्र त्यांचा जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला हे ध्यानात घेऊन जुने दप्तर कोठे आहे याची आधी चौकशी करावी.

त्या पत्त्यावरून राजनांदगावचे कुटुंब सापडले आणि त्यानंतरच डीएनए चाचणीचा उपयोग झाला. कंपनीचा ‘दक्षिण आशिया’ असा मोघम नकाशा आम्हाला निरुपयोगी वाटला. माझ्या वडिलांचा आणि तिकडच्या त्यांच्या पिढीतील ज्येष्ठांचा नमुना ताडून पाहिल्यावर मात्र नात्याला दुजोरा मिळाला. दोन भावांच्या नातवंडांमधील या नात्यात सरासरी सुमारे 3 टक्के डीएनए समान असतो, तर पुढच्या पिढीत तो 1 टक्क्याहूनही कमी उरतो आणि साधारण दहांतील एका जोडीत काहीच जुळत नाही. म्हणून नमुना घरातील सर्वांत वडीलधाऱ्यांचा द्यावा. शिवाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, कित्येकदा मामाच्या मुलीशी, लग्ने होत आल्यामुळे कंपनी नाते असते त्याहून जवळचे दाखवू शकते. एकाच्या नमुन्यातून सगळ्या भाऊबंदांची माहिती उघड होत असल्याने त्यांना विचारल्याशिवाय तो पाठवू नये.